हंगामी परिचारिका : हंगाम ओळखा, करार पक्का करा

व्यापारात हंगाम कोणाला चुकला आहे? आम्हा कापडवाल्यांचे तर सारे वर्षच हंगामावर उभे असते. रमजान ईदची खरेदी, लग्नसराईचा बस्ता, जूनमधील शाळेचे गणवेश आणि कारखान्याला निघण्यापूर्वी ऊसतोड मजुरांनी हातात उचल पडताच केलेली कपड्यांची खरेदी, एवढे साधले की वर्ष निभावते. बाकीचे महिने दुकानात बसून गल्ला मोजण्यापेक्षा उधारीची वहीच जास्त चाळावी लागते. तरीही हंगामी धंद्यात आम्ही कधी कमीपणा मानला नाही. मग हंगामी नोकरीला, आणि त्यातही दवाखान्यातील परिचारिकेच्या हंगामी नोकरीला, आपल्या मोहल्ल्यात नाक का मुरडले जाते? हा प्रश्न खरे तर शिक्षणाच्या पानावरचा वाटेल. पण तो रोजगाराचा, कराराचा आणि दलालीचा प्रश्न आहे. म्हणून तो व्यापाराच्या पानावरच मांडलेला बरा.

नाव परके, काम ओळखीचे

अमेरिकेत 'ट्रॅव्हल नर्स' नावाचा एक स्वतंत्र पेशाच आहे. ही नर्स एका रुग्णालयात कायम नसते. साधारण १३ आठवड्यांचा करार करायचा, जिथे नर्सची टंचाई असेल त्या गावी जायचे, काम संपले की पुढच्या गावी. फ्लोरिडासारख्या उबदार राज्यात हिवाळ्यात वृद्ध मंडळी उत्तरेकडून राहायला येतात, तेव्हा तिथल्या रुग्णालयांना जादा नर्स लागतात. उन्हाळ्यात ही मंडळी परत गेली की जादा नर्सचे काम संपते. म्हणजे आपल्या भाषेत हा सरळ हंगामच झाला. कोरोनाच्या काळात, २०२० ते २०२२ च्या दरम्यान, या फिरत्या नर्सचे पगार तिकडे कायम नर्सच्या कितीतरी पट झाले होते. मागणी वाढली, माल कमी, भाव चढला. व्यापाऱ्याला यापेक्षा जास्त समजावून सांगायला नको.

आपल्याकडे हे नाव नाही, पण काम आहे. आषाढी वारीला पालखी मार्गावर आरोग्य खाते डॉक्टर-नर्सची पथके लावते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील नर्सची नेमणूक ११ महिन्यांची असते, मग खंड, मग पुन्हा नवा आदेश. पुण्या-मुंबईत नर्सेस ब्युरो आहेत. ते रुग्णाच्या घरी अगर खाजगी रुग्णालयात महिना-दोन महिन्यांसाठी नर्स पुरवतात. हजच्या दिवसांत मक्का-मदिनेत भारताचे वैद्यकीय पथक जाते. आणि कोरोनाने तर दाखवून दिले की एका सकाळी सरकारला शेकडो नर्स हव्या होतात आणि काही महिन्यांनी नकोशा होतात. या सर्व जागी जाणारी मुलगी ही हंगामी परिचारिकाच आहे.

बीडने पाहिलेला हंगाम

२०२० च्या मे महिन्यातली गोष्ट आठवावी. मुंबईत रुग्णांना खाटा मिळत नव्हत्या. तेव्हा महाराष्ट्राच्या वैद्यकीय शिक्षण संचालनालयाने केरळ सरकारला पत्र लिहून ५० तज्ज्ञ डॉक्टर आणि १०० नर्स मागितल्या. महालक्ष्मी रेसकोर्सवर उभ्या राहणाऱ्या ६०० खाटांच्या कोविड केंद्रासाठी ही मागणी होती आणि नर्सला महिना ३० हजार रुपये देऊ केले होते. त्याच महिन्यात कोलकात्याच्या खाजगी रुग्णालयांतून मणिपूरच्या शेकडो नर्स राजीनामे देऊन आपल्या गावी परतल्या आणि तिथली रुग्णालये अडचणीत आली. परगावच्या हातांवर दवाखाना चालवला की काय होते, ते सर्वांनी पाहिले.

विचार करण्यासारखी गोष्ट ही की, एवढ्या मोठ्या महाराष्ट्राला १०० नर्ससाठी केरळकडे हात का पसरावा लागला? केरळने पन्नास-साठ वर्षे आपल्या मुलींना हा पेशा शिकवला. ख्रिस्ती घरांतून सुरुवात झाली, पुढे इतर समाजांच्या आणि मुस्लिमांच्या मुलीही त्यात आल्या. आज आखाती देशांपासून इंग्लंडपर्यंत केरळची नर्स आहे आणि तिने पाठवलेल्या पैशावर तिकडे घरे बांधली गेली, भावंडे शिकली. आपण मात्र दवाखान्यात गेल्यावर 'सिस्टर, जरा बघा हो' एवढेच म्हणायला शिकलो.

आपल्या जिल्ह्यातही त्या वर्षी कंत्राटी भरती झाली. बीडचे जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, लोखंडी सावरगावचे कोविड रुग्णालय आणि तालुक्यांची कोविड केंद्रे याच मुलामुलींच्या बळावर चालली. लोक नातेवाइकाच्या मय्यतीला खांदा द्यायला भीत होते, तेव्हा या मुली वॉर्डात उभ्या होत्या. लाट ओसरू लागली तशी नेमणुका संपवण्याची भाषा सुरू झाली. जून २०२१ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार बीडच्या दौऱ्यावर आले असताना कंत्राटी आरोग्य कर्मचारी सेवेत सामावून घेण्याची मागणी करत ताफ्याला आडवे गेले आणि पोलिसांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या. काही महिन्यांपूर्वी ज्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या, त्यांच्याच पाठीवर हा प्रसाद.

आमच्या मोहल्ल्यातली एक मुलगी त्या काळात एका केंद्रावर होती. तिला शेवटच्या दोन महिन्यांच्या पगारासाठी सहा महिने खेटे घालावे लागले. तिच्याकडे नेमणुकीचे पत्र होते, पण हजेरीची नक्कल नव्हती. पत्र एकाचे, हजेरी दुसऱ्याकडे, पैसे तिसऱ्याकडून. अशा वेळी कागद नसलेला माणूस खरा असूनही खोटा ठरतो. व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेल्या मुलीला निदान एवढे तरी आपण शिकवायला हवे होते की पावतीशिवाय माल द्यायचा नसतो.

एजन्सी म्हणजे मुकादमच

बीड जिल्ह्याला कंत्राटी हंगाम समजावून सांगण्याची गरज नाही. दिवाळीच्या सुमारास आपले लाखो मजूर कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मुकादम उचल देतो, जोडी म्हणजे एक कोयता मोजतो, कारखान्याकडून कमिशन घेतो. मजुराचा आणि कारखान्याचा थेट संबंधच नसतो. अपघात झाला, बाई आजारी पडली, तर कारखाना म्हणतो मुकादमाला विचारा आणि मुकादम म्हणतो उचल फिटली नाही.

रुग्णालयात नर्स पुरवणारी एजन्सी आणि मुकादम यांत फरक फक्त कपड्यांचा आहे. रुग्णालय एजन्सीला एका नर्समागे जी रक्कम देते ती वेगळी आणि नर्सच्या हाती पडते ती वेगळी. मधला फरक किती, हे मुलीला माहीत नसते. व्यापारात आडत्याची आडत किती हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते, म्हणून आडत हा धंदा आहे. जिथे ती लपवली जाते तिथे ती लूट होते. मध्यस्थ असू नये असे माझे म्हणणे नाही. मध्यस्थाशिवाय सुरतेचा माल बीडला आला नसता. परंतु मध्यस्थाचा हिशेब उघड असला पाहिजे.

म्हणून हंगामी नोकरीवर जाणाऱ्या मुलीने, आणि तिच्या बापाने अगर भावाने, पुढील गोष्टी पाहाव्यात. नेमणुकीचे लेखी पत्र कोणाच्या नावाने आहे, रुग्णालयाच्या की एजन्सीच्या? मुदत कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? मुदतीपूर्वी काढल्यास किती दिवसांची नोटीस? ड्युटी किती तासांची, रात्रपाळी महिन्यात किती, सुट्टी किती? राहण्याची सोय कोणाची आणि त्याचे पैसे पगारातून कापणार का? भविष्य निर्वाह निधीचा यूएएन क्रमांक मिळाला का? पगार बँकेत जमा होणार की हातात? मूळ प्रमाणपत्रे कोणी ठेवून तर घेत नाही ना? हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. प्रमाणपत्राच्या नकला द्याव्यात; मूळ कागद कोणालाही देऊ नये. मूळ कागद ज्याच्या कपाटात, मुलगी त्याच्या ताब्यात.

११ महिन्यांच्या नेमणुकीचे गणितही समजून घ्यावे. एक वर्ष सलग भरले की काही हक्क उभे राहतात, म्हणून वर्ष भरूच द्यायचे नाही, ही जुनी युक्ती आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या कामगार संहितांत ठरावीक मुदतीच्या कामगाराला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. कायद्याने दार एका वर्षावर ठेवले आणि नेमणूक ११ महिन्यांवर थांबली, तर हक्क कागदावरच राहतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानात १० वर्षे सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना नियमित पदांवर सामावून घेण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ मध्ये निघाला. पण त्याच्या अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये या कर्मचाऱ्यांना राज्यभर संपावर जावे लागले.

खाजगी रुग्णालयांच्या पगाराबाबतही एक आकडा लक्षात ठेवावा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली की ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही नर्सला महिना २० हजारांपेक्षा कमी पगार असू नये आणि २०० खाटांच्या वरच्या रुग्णालयात तो सरकारी नर्सइतका असावा. ही शिफारस आहे, पगारपत्रक नव्हे. पण घासाघीस करताना हातात एक भाव असला की बोलणे सोपे जाते.

हजचा हंगाम आणि आपली गरज

आता अशा एका हंगामाकडे येऊ, ज्याचा संबंध थेट आपल्या दीनशी आहे. भारतातून हजला जाणाऱ्यांचा कोटा अलीकडच्या वर्षांत १ लाख ७५ हजार २५ राहिला आहे. यांत वयस्कर मंडळी पुष्कळ. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार बरोबर घेऊनच लोक जातात. कारण आपल्याकडे हजचा विचार मुलांची लग्ने आणि दुकानाची जबाबदारी आटोपल्यावरच होतो. २०२४ च्या हजमध्ये मक्केत उष्णता ५१ अंशांच्या वर गेली. सौदी सरकारने १,३०१ मृत्यू झाल्याचे जाहीर केले. त्यांतील बहुसंख्य अधिकृत परवान्याविना आलेले होते. त्या वेळच्या सरकारी माहितीनुसार ९८ भारतीय हाजी त्या वर्षी मरण पावले होते. बहुतेक आजारपण आणि वार्धक्याने. अल्लाह सर्वांची मगफिरत करो.

या हाजींसाठी भारत सरकार दरवर्षी डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांचे पथक हंगामापुरते पाठवते. मक्का आणि मदिनेत दवाखाने उघडले जातात. इथे एक साधी गोष्ट ध्यानात घ्यावी. मक्केच्या हरम हद्दीत मुस्लिमेतरांना प्रवेश नाही. म्हणजे हाजींची शुश्रूषा करायला जी नर्स जाईल ती मुस्लिमच असावी लागते. शिवाय हे पथक सरकारी सेवेतील नियमित कर्मचाऱ्यांतून निवडले जाते. आता हिशेब मांडा. सरकारी नोकरीत मुस्लिम नर्स किती? त्यांत मराठी समजणाऱ्या किती? बीडची, परळीची, माजलगावची म्हातारी खाला मक्केत चक्कर येऊन पडली, तर तिला 'काय होतंय तुम्हाला?' असे तिच्या बोलीत विचारणारी कोण असणार?

२०१८ पासून ४५ वर्षांवरील महिलांना मेहरमशिवाय गटाने हजला जाण्याची परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये अशा ४ हजारांहून अधिक भारतीय महिला गेल्या. त्यांना स्त्री परिचारिकेची गरज सर्वांत जास्त. हाजींना निरोप द्यायला आपण बसस्टँडवर हार घेऊन जातो. तिकडे त्यांची नाडी बघणारी मुलगी मात्र दुसऱ्या कोणी तरी शिकवून पाठवावी, अशी आपली अपेक्षा. ही अपेक्षा आपल्याला शोभत नाही.

परदेशाची वाट आणि दलालांचे दुकान

सौदी, कुवेत, कतारला कायम अगर कराराने जाणाऱ्या नर्सची मागणी मोठी आहे. त्यामुळे दलालही मोठे आहेत. २०१५ मध्ये कोचीत उघडकीस आलेले प्रकरण प्रत्येक बापाने लक्षात ठेवावे. कुवेतसाठी नर्स भरती करणाऱ्या एका कंपनीला प्रत्येकीकडून १९,५०० रुपये घेण्याची मुभा होती. तिने प्रत्येकीकडून घेतले सुमारे साडेएकोणीस लाख. एक शून्य नव्हे, दोन शून्ये वाढवली! घरे गहाण टाकून, दागिने मोडून लोकांनी ते भरले.

त्याच वर्षी केंद्र सरकारने नियम केला की आखाती देशांसह ज्या १८ देशांत जाण्यासाठी इमिग्रेशन तपासणी लागते, तिथे जाणाऱ्या नर्सना, त्या कितीही शिकलेल्या असल्या तरी, ही मंजुरी घ्यावीच लागेल आणि भरती ठरवून दिलेल्या अधिकृत संस्थांमार्फतच होईल. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या परवानाधारक एजंटाला उमेदवाराकडून ३० हजार रुपये अधिक जीएसटी, एवढीच सेवा फी घेता येते. यापेक्षा जास्त मागणारा, पावती न देणारा, 'व्हिजिट व्हिसावर जा, तिथे गेल्यावर कामाचा करून देतो' म्हणणारा, या तिघांना दुकानाच्या पायरीवरूनच सलाम करावा. सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेत एजंटाचा परवाना तपासता येतो. कापडाचा गठ्ठा घेताना आपण धागा ओढून बघतो. मुलगी पाठवताना परवाना बघायला काय हरकत आहे?

तिकडे जाण्यासाठी साधारण दोन वर्षांचा अनुभव, कागदांची पडताळणी आणि परीक्षा लागते. म्हणून शिकून बाहेर पडल्याबरोबर परदेशाची घाई करू नये. आधी इकडे दोन-तीन ठिकाणी काम करावे. इथेच हंगामी करारांचा उपयोग होतो. आज अतिदक्षता विभाग, उद्या प्रसूती विभाग, परवा डायलिसिस, असा अनुभव एका लहान रुग्णालयात दहा वर्षे राहूनही मिळत नाही. फिरत्या विक्रेत्याला जसा चार जिल्ह्यांचा बाजार कळतो, तसेच हे आहे. मात्र प्रत्येक ठिकाणचे अनुभवाचे प्रमाणपत्र निघतानाच घ्यावे.

घरातल्या हरकती

आता मूळ दुखण्याकडे येऊ. 'आपल्या घराण्यातली मुलगी नर्स?' हा सवाल मी किती वेळा तरी ऐकला आहे. विचारणारे बहुधा तेच, जे बायकोला किंवा सुनेला दवाखान्यात नेल्यावर पहिला प्रश्न करतात की लेडी डॉक्टर आहे का, लेडी नर्स आहे का? भाईसाहेब, ती लेडी नर्स आभाळातून पडत नाही. कोणाच्या तरी घरची बेटी रात्रपाळी करते, तेव्हा आपल्या घरच्या बाईचा पडदा राखला जातो. दुसऱ्याच्या मुलीने ते करावे आणि आपली मुलगी घरात शरीफ राहावी, हा न्याय कुठला?

दीनचा दाखला हवा असेल तर तोही आहे. हजरत रुफैदा असलमिया (रजि.) यांचा तंबू मस्जिदे नबवीत लागत असे आणि तिथे त्या जखमींची देखभाल करत. खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याच तंबूत ठेवण्यास सांगितले. हजरत उम्मे अतिया (रजि.) सात मोहिमांत बरोबर होत्या, जखमींवर उपचार करणे, आजाऱ्यांची काळजी घेणे हे त्यांचे काम. मोहिमेवर जायचे, सेवा करायची, परत यायचे. हंगामी परिचारिका याहून वेगळे काय करते?

सुरक्षिततेची काळजी मात्र खरी आहे आणि ती थट्टेवारी नेऊ नये. परगावी मुलगी कुठे राहणार, रात्री ड्युटीवरून कशी येणार, हे विचारलेच पाहिजे. पण त्याचे उत्तर 'पाठवायचेच नाही' हे नव्हे. रुग्णालयाच्या आवारात वसतिगृह असेल तिथेच करार करावा. एकटीऐवजी दोघी-तिघींनी मिळून एकाच ठिकाणी जावे. डोक्यावर ओढणी अगर स्कार्फ चालेल का, नमाजला वेळ मिळेल का, हे रुजू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. नंतर वाद नको. पुण्या-मुंबईत आपली जमात आहे, नातेवाईक आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये बीडला रेल्वेही आली. आता परगाव पूर्वीइतके दूर राहिलेले नाही.

दुसरी अडचण भाषेची. मी उर्दू माध्यमात शिकलो, म्हणून हे जाणून आहे. आमच्या उर्दू शाळेतील मुली हुशार असतात, पण इंग्रजीच्या नावाने दम तोडतात. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम. तिन्हींना बारावी लागते, बी.एस्सी.ला तर विज्ञान शाखेचीच. औषधाची नावे, डॉक्टरची चिठ्ठी, केसपेपर सारे इंग्रजीत. म्हणून आठवीपासूनच इंग्रजी आणि मराठी पक्की करावी. पण उर्दूची मुलगी मागेच राहते असे समजू नये. ती उर्दू बोलते, हिंदी समजते, मराठीत शेजारणीशी बोलते आणि अरबी लिपी वाचते. तीन भाषांतील रुग्णाचे दुखणे जिला कळते ती दवाखान्यात सोन्याच्या भावाची. सौदीत गेल्यावर तर रस्त्यावरच्या पाट्या ती पहिल्या दिवशीच वाचू लागेल.

एक इशारा इथेच देतो. आपल्या छोट्या शहरांत चार महिने इंजेक्शन देणे शिकवून पांढरा कोट घालून उभ्या केलेल्या मुलींनाही नर्स म्हटले जाते. ते नर्सिंग नव्हे. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी हाच खरा शिक्का. संस्था मान्यताप्राप्त आहे का, हे प्रवेशाच्या आधी कौन्सिलकडे तपासावे. नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. दुसऱ्या राज्यात कामाला जायचे तर तिथल्या कौन्सिलचेही कागद करून घ्यावे लागतात. नोंदणी नसेल तर हंगाम कितीही तेजीचा असो, आपला माल बाजारात उभाच राहत नाही.

बस्ता आणि फी

आता माझ्याच धंद्याविरुद्ध बोलतो. लग्नाचा बस्ता बांधायला लोक माझ्याकडे येतात. पाच जोड्यांच्या जागी पंधरा, पाहुण्यांच्या साड्या, मानपानाचे कपडे. निम्मे कपडे कोणी अंगावर घालत नाही, पेटीत पडून राहतात. विकणारा मी आहे, तरी सांगतो. बस्त्याचा निम्मा खर्च वाचवून तो मुलीच्या फीत घातला, तर जोडा विटेल पण नोंदणी विटणार नाही. ज्या मुलीच्या हाती हुन्नर आहे, तिला सासरी वाईट दिवस आले तरी ती कोणाच्या दारात उभी राहत नाही. आपल्या बाजारात तरुण वयात विधवा झालेल्या, तलाक मिळालेल्या किती मुली भावाच्या घरात ओझे होऊन बसल्या आहेत, हे मी नावे न घेताही सर्वांना ठाऊक आहे.

बाजारातील बंधूंपुढे एक साधी योजना ठेवतो. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी दहा-पंधरा व्यापाऱ्यांनी मिळून कर्जे हसनाचा एक छोटा फंड करावा. दरवर्षी दोन मुली आणि एक मुलगा निवडावा. होय, मुलगाही, पुरुष वॉर्डात 'ब्रदर' लागतातच आणि टेम्पो चालवण्यापेक्षा हा हुन्नर वाईट नाही. फी थेट संस्थेत भरावी, पावती फंडाच्या वहीत लावावी. नोकरी लागल्यावर सोयीच्या हप्त्यांनी, एक पैसाही वाढ न घेता, रक्कम परत घ्यावी आणि ती पुढच्या मुलीला द्यावी. ज्यांची परतफेडीची ऐपतच नाही त्यांच्या बाबतीत जकातीतून मदत कशी देता येईल, हे स्थानिक आलिमांना विचारून ठरवावे. मदरसा, मशीद यांचा चंदा आपण देतोच. त्याला हात न लावता हे होऊ शकते. दर शुक्रवारी एका दुकानातून एका मीटर कापडाची किंमत बाजूला निघाली, तरी वर्षाला बरीच रक्कम होईल.

उसाच्या फडातही नर्स हवी

शेवटी एक मागणी सरकारकडे आणि साखर कारखान्यांकडेही आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचे प्रकरण देशभर गाजले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतील १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. हा आकडा वाचून मान खाली जाते. फडात पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहायच्या, सुट्टी घेतली तर खाडा, पाणी नाही, शौचालय नाही. दुखणे अंगावर काढायचे आणि शेवटी ऑपरेशन करून मोकळे व्हायचे.

जर मजुरांची टोळी सहा महिने फडावर जाते, तर नर्सही सहा महिने फडावर का जाऊ नये? प्रत्येक कारखान्याने गाळप हंगामापुरत्या नोंदणीकृत परिचारिका नेमाव्यात, त्याही शक्यतो याच जिल्ह्यातल्या. गेवराईच्या बाईचे दुखणे गेवराईच्या नर्सला अर्ध्या शब्दात कळेल. करार लेखी असावा, राहण्याची सोय असावी, पगार बँकेत असावा. एका हंगामाच्या नर्सचा पगार कारखान्याच्या उलाढालीत दिसणारही नाही. पण त्या एका नर्सने वेळेवर गोळी देऊन, वेळेवर तालुक्याला पाठवून किती बायकांचे शरीर वाचवले, हे मात्र घराघरांत दिसेल. आमच्या दुकानात उचलीच्या पैशाने लुगडे-चोळी घेणाऱ्या याच बाया आहेत. त्यांच्या घामावर आमचाही गल्ला भरतो. त्यांचे आमच्यावर देणे आहे.

व्यापारी बंधूंनो, हंगाम कोणासाठी थांबत नाही. तेजी आली तेव्हा ज्याच्या गोदामात माल होता त्याने कमावले. बाकीचे भाव ऐकत बसले. आजाराचा, हजचा, वारीचा, गाळपाचा हंगाम दरवर्षी येणार आहे आणि नर्सची गरज वाढतच जाणार आहे. बारावीचे निकाल लागले की प्रवेशाची धावपळ सुरू होते. त्याआधीच घरात बसून बोला. मुलीला विचारा, तिच्या आईला विचारा, मान्यताप्राप्त संस्थांची यादी मागवा, फीचा हिशेब मांडा. आणि या वर्षी बस्ता बांधायला माझ्या दुकानात याल तेव्हा जरा कमीच बांधा. मला चालेल.